वाचलेला वेळ कोणाचा?

पिंपरीजवळचें संत तुकारामनगर हें मेट्रोचें स्थानक जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावर उंच खांबांवर उभें आहे. पिंपरी-फुगेवाडी हा मार्ग ६ मार्च २०२२ रोजीं खुला झाला. खालच्या रस्त्यानें दर ज्येष्ठ वद्यांत तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पुण्याकडे जाते. हा परिपाठ तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं घालून दिला.

वर गति आणि खालीं भक्ति, असा विरोध दाखविण्याचा मोह कोणासहि होईल. परंतु आम्हांस तो खरा वाटत नाहीं. वारकऱ्याचें संथ चालणें त्यानें आपण होऊन पत्करलेलें असतें. चालणें हेंच त्याचें पोंचणें होय. कारखान्यांतला कामगार त्याच रस्त्यावर वाहनांच्या गर्दींत तास घालवितो, तेव्हां तो कांहीं व्रत करीत नसतो. त्याचें आयुष्य त्याला न विचारतां खर्चीं पडत असतें. पहिलें दान आहे, दुसरी लूट. लूट थांबविणारें यंत्र दानाचें वैरी कसें ठरावें?

खरा प्रश्न पुढेंच आहे. वाचलेला अर्धा तास कोणाचा? तो जादा कामानें गिळला, किंवा भाडें परवडेना म्हणून बिऱ्हाड आणखी दूर न्यावें लागलें, तर गाडी धांवली, पण माणूस होता तेथेंच राहिला. तो मुलांजवळ बसण्यांत, शेजाऱ्याची विचारपूस करण्यांत, अगर नुसतें स्वस्थ राहण्यांत गेला, तरच लाभ झाला असें आम्ही म्हणूं. ज्याचा वेळ ज्याच्या हातीं राहिला, तोच एखाद्या ज्येष्ठांत आपखुषीनें जिना उतरून पालखीबरोबर चार पावलें चालूं शकेल.