गळ्याआधी कान

औंढा नागनाथाच्या देवळाची कथा आमच्याकडे लहान पोरालाही सांगता येते. नामदेव देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागे पिटाळलं, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. पटत नसेल तर जाऊन पाहा, नंदी देवळाच्या मागे आहे!  नामदेवांची नर्सी याच हिंगोली जिल्ह्यात, आणि विसोबा खेचर त्यांना गुरू म्हणून भेटले ते औंढ्यात. तेव्हा गाण्याने देऊळ फिरतं यावर इथल्या माणसाचा विश्वास बसला तर नवल नाही. मला मात्र या कथेतली एक गोष्ट कायम खटकत आली आहे. त्याआधी नामदेवांनी गळा कुठे आणि कसा तयार केला, हे ती सांगत नाही. चमत्काराच्या कथा तालमीबद्दल गप्प बसतात, आणि ऐकणारा समजतो की भाव असला की सूर आपोआप लागतो.

शिकलेला गायक म्हटलं की पुण्या-मुंबईच्या वाचकाला दोन तंबोऱ्यांच्या मध्ये बसलेला ख्यालगायक आठवतो. आमच्या भागात तो उभा असतो, कीर्तनकाराच्या मागे, टाळकऱ्यांच्या रांगेत, माइकपाशी. त्याला गायनाचार्य म्हणतात. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून खेड्यापाड्यातली मुलं तिथे जातात. पूर्वी माधुकरी मागून राहायची, चार वर्षं पाठांतर करायची आणि गावाकडे परतायची. त्यांच्या जोडीला तालुक्याच्या गावी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणारी मुलंही असतात. प्रवेशिका झाली, मध्यमा झाली, की सप्ताहाची बोलावणी सुरू होतात. अवघड प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. शिकून झालेल्या गायकाने पुढे काय करायचं असतं, हे कोणत्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात नाही.

हरिनाम सप्ताहातला त्याचा दिवस पाहा. पहाटे काकडा, मग पारायण, गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. मृदंग आधीच गट्टे ठोकून उंच पट्टीत चढवलेला, धुमेवर ओली कणीक थापलेली. एकदा उभं राहिल्यावर पट्टी उतरवायची सोय नाही. बुवांनी अभंगाचं चरण सोडलं की मागचा गायक ते उचलतो आणि तार सप्तकात जाऊन थांबतो. मंडपातून दाद येते. मग दुसऱ्या माइकवरच्याला त्याहून वर जावंच लागतं. ज्याचा गळा काळी एकला सुखाने बसतो, तो काळी तीनला ताणून उभा असतो. तिसऱ्या-चौथ्या रात्री आवाजाला जर येते, काल्यापर्यंत तो पुरता बसतो, आणि दोन दिवसांनी पुढच्या गावचा सप्ताह. बसलेल्या आवाजाकडे लोक कौतुकाने पाहतात, ‘लई गायला’ म्हणतात. मला हे कौतुक घातक वाटतं.

आकडाच सांगतो. काळी एकच्या मध्य षड्जाला पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा एकमेकांवर आपटतात, तार षड्जाला २७७ वेळा आणि तार पंचमाला चारशेहून जास्त. तेही जोर लावून, थकल्या गळ्याने, जागरणात. अशा आपटण्याने तंतूंवर गाठी धरतात. त्या लिंबू-मधाने जात नाहीत, आणि चहा-तंबाखूने तर नाहीच. लवकर ओळखल्या तर विश्रांतीने आणि आवाज लावायची पद्धत बदलून त्या पुष्कळदा ओसरतात. पण सप्ताहांच्या हंगामात गप्प बसणारा गायनाचार्य मी पाहिलेला नाही. सतत खाकरून गळा साफ करण्यानेही त्यात भरच पडते, आणि ती सवय तर निम्म्या गवयांना असते.

यावर सगळे एकच उपाय सांगतात, रियाज वाढव. रियाज आपण तासांत मोजतो, कारण तास मोजता येतात. पण चार तास चुकीचा सूर घोटला तर तोच पक्का होतो. गळा बिचारा नोकरमाणूस आहे, सांगितलेलं करतो. चूक कळते ती कानाला. म्हणून शिकलेल्या गायकाची पहिली सवय कानाची असावी, असं माझं मत आहे आणि ते पेटीवाल्यांना आवडत नाही. पेटीचे स्वर ठोकून बसवलेले. तिच्या पट्टीवर बोट ठेवून गाणाऱ्याला आपण स्वराला किती कमी-जास्त लागलो हे कळायला वावच राहत नाही. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं होतं. ती बंदी फार कडक होती आणि उठली हे बरंच झालं. पेटीशिवाय भजन उभं राहणार नाही. तरीही साथीला घ्यायचं वाद्य आणि शिकायचं वाद्य वेगळं असावं. तंबोरा स्वर सांगत नाही, षड्ज-पंचमाची चौकट तेवढी देतो. गंधार कुठे आहे ते आपल्यालाच शोधावं लागतं, आणि शोधता शोधता कान तयार होतो.

सवाई गंधर्वांनी कुंदगोळला भीमसेन जोशींना शिकवताना काय केलं? सकाळी तोडी, दुपारी मुलतानी, संध्याकाळी पूरिया. तीन रागांतच दीर्घ काळ. आजच्या मुलाला ही शिक्षा वाटेल, तोवर तो मोबाइलवर तीस राग ‘करून’ मोकळा झालेला असतो. पण तोडी आणि मुलतानीचे स्वर तेच, कोमल रिषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत. वेगळेपण आहे ते त्या स्वरांकडे जाण्याच्या वाटेत आणि त्यांच्यावर थांबण्यात. पूरियात गंधार शुद्ध होतो, पंचम निघून जातो, आणि दिवसभर मुरलेला कान पुन्हा नव्याने लावावा लागतो. गुरूने तीन राग निवडले तेव्हा त्याने गळ्याला थोडं आणि कानाला पुष्कळ काम दिलं, असं मला दिसतं.

याचा सगळ्यात लखलखीत पुरावा कुमार गंधर्वांचा. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत आणि सभा जिंकत. आमच्या भागातही नामवंत कीर्तनकाराची चाल, हरकत, अगदी खोकलासुद्धा उचलणारी पोरं आहेत, आणि त्यांनाही टाळ्या पडतात. कुमारांना मुंबईत बी. आर. देवधर गुरू लाभले, ज्यांना आवाजाच्या शास्त्रातच रस होता, आणि नकलेच्या पलीकडचं गाणं तिथे उभं राहू लागलं. मग क्षयाने गाठलं. १९४८ च्या सुरुवातीला ते देवासला गेले आणि पुढची काही वर्षं गाणं पूर्ण बंद. रियाजाचे तास मोजणाऱ्याच्या हिशेबात ही वर्षं शून्य. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, पुन्हा पुन्हा ऐकली. औषधाने बरे होऊन १९५० च्या दशकात ते परत गाऊ लागले तेव्हा एक फुप्फुस निकामी झालेलं होतं. लांब दमसासाचं गाणं त्यांना आता शक्य नव्हतं. त्यांनी श्वास पुरेल तेवढीच वाक्यं केली, मध्ये जागा सोडल्या, आणि ती तुटक, अचानक उसळणारी गायकी लोकांनी डोक्यावर घेतली. ऐकलेल्या लोकधुनांतून नवे धुनउगम राग निघाले. गळा बंद असताना कानाने केलेली ही कमाई आहे.

अल्लादिया खाँसाहेबांचंही तसंच. मध्य भारतातल्या एका लहान संस्थानात अतोनात गाऊन त्यांचा आवाज गेला, आणि परतला तो पूर्वीचा नव्हता. उरलेल्या आवाजाला काय पेलेल हे पाहून त्यांनी जी पेचदार, लयीला घट्ट बांधलेली गायकी रचली, तीच पुढे कोल्हापूरहून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकरांपर्यंत गेली. केसरबाईंची आणखी एक गोष्ट मला मोठी वाटते. आवाज पूर्वीसारखा साथ देत नाही हे ओळखून त्यांनी साठच्या दशकात जाहीर मैफली थांबवल्या. स्वतःला निर्दयपणे ऐकता येणं ही सवय त्यांनाही एका दिवसात लागली नसणार.

या थोरांची नावं घेतली की गावचा गायनाचार्य हात जोडतो आणि म्हणतो, ते वेगळे. वेगळे खरेच, पण त्याचं काम एका अर्थाने जास्त अवघड आहे. मैफलीचा गवई स्वतःचा मालक असतो. गायनाचार्याला बुवांनी मध्येच सोडलेलं चरण त्याच लयीत झेलायचं, निरूपणाचा धागा न तोडता रंगवायचं आणि बुवा बोलू लागताच गप्प व्हायचं असतं. करुणेच्या अभंगाला भूपाचा झगमगाट न चढवता साधी चाल धरणारे, दोनच आवर्तनं गाऊन बाजूला होणारे गायनाचार्य मी ऐकले आहेत. त्यांच्या रात्री मंडपात टाळ्या कमी पडतात आणि निरूपण लक्षात राहतं. खरी कलाकारी मला तिथे दिसते. ती वरच्या पट्टीत सापडत नाही, कारण तिथे गळ्याला जगण्याचीच घाई असते.

कोजागिरीपासून महिनाभर पहाटे काकडा चालतो. त्या वेळी गळा जड असतो, आवाज आपसूक खाली बसतो. ख्यालगायक पहाटे खर्ज भरतात तो याच घटकेला. थोडक्यात, खर्जसाधनेची वेळ गावाने आधीच नेमून दिली आहे, कोणी तिला रियाज म्हणत नाही इतकंच. काकड्याचे अभंग दोन पट्ट्या उतरवून, माइक बंद ठेवून, आधी षड्ज ऐकून मग म्हटले, तर महिन्यात तरुण गळ्यांत काय फरक पडतो ते एखाद्या मंडळाने करून पाहावं.

अडचण खर्चाची सांगितली जाईल. सप्ताहाच्या पत्रिकेत कीर्तनकारांचे फोटो असतात, गायनाचार्यांची नावं खाली बारीक अक्षरांत. वर्गणीच्या हिशेबात मंडप असतो, साउंड असतो, महाप्रसाद असतो. मिरजेहून तंबोरा आणायचा म्हटलं तर कुणी वही उघडणार नाही, आणि आणला तरी तो जुळवणार कोण, हाही प्रश्न आहेच. पण तंबोऱ्याचं अ‍ॅप आता प्रत्येकाच्या मोबाइलवर फुकट उतरतं. पट्टीही पाहिजे ती लावता येते, काळी एकसुद्धा.