कागदावरचा एक

पतसंस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या एका कार्यालयातली गोष्ट. एका खातेदाराच्या कर्जाला 9 ऐवजी 19 टक्के दर लागला होता. रात्रीच्या डे-एंडला व्याज पडण्याआधी तो दुरुस्त व्हायला हवा होता आणि स्क्रीनवरून ते होत नव्हतं. चालू डेटाबेसमध्येच हात घालणं भाग होतं.

नव्या मुलाने क्वेरी लिहिली. दोनच ओळी. पहिलीत अपडेट आणि नवा दर, दुसरीत 'व्हेअर' आणि खाते क्रमांक. पण ती चालवायला बोट काही उठेना.

"मॅडम, हात थरथरतोय. तुमच्याएवढं धाडस नाही माझ्यात."

"माझ्यातही नाही." मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "आधी बिगिन चालव, म्हणजे कमिट करेपर्यंत सगळं मागे घेता येईल. आता सांग, किती ओळी बदलायला हव्यात?"

"एक."

"कागदावर लिही."

त्याने '1' लिहिला, माउसने क्वेरी निवडली आणि चालवली. पडद्यावर आकडा आला : 4,812. घाईत पहिलीच ओळ निवडली गेली होती, 'व्हेअर' बाहेर राहिला होता. साऱ्या कर्जदारांना एकच दर! पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

"कागदावर काय आहे?"

"एक."

"मग रोलबॅक."

सगळे दर होते तसे झाले. पुन्हा बिगिन, मग पूर्ण क्वेरी. या वेळी आकडा 1 आला. तो कागदाशी ताडून पाहिल्यावरच त्याने कमिट केलं.

चहा घेताना मॅडम म्हणाल्या, "31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचा एक अभियंता रात्री उशिरा काम आवरणार, तोच नवी अडचण आली. दुय्यम सर्व्हर समजून त्याने मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसायला घेतला. एक-दोन सेकंदांत चूक कळली, पण तोवर सुमारे 300 जीबीतले साडेचारच उरले होते. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, वेळेला एकही धड कामी आली नाही. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा मात्र गेलाच. तो माणूस काही अडाणी नव्हता रे. हात सगळ्यांचेच चुकतात. म्हणून थरथर थांबायची वाट पाहू नकोस, परतीची वाट आधी बांध."

मुलाने तो कागद घडी करून खिशात ठेवला.

तात्पर्य : भीतीची लाज बाळगू नये, तिला कामाला लावावं. चालू कामात हात घालण्याआधी परतीची वाट स्वतः तपासून घ्यावी.