डोळे नसलेला पहारेकरी

'कूल हँड ल्यूक' (१९६७) पहिल्यांदा पाहताना लक्ष राहतं ते पॉल न्यूमनच्या हसण्याकडे. दारूच्या नशेत रस्त्याकडेच्या पार्किंग मीटरची मुंडकी कापल्याबद्दल ल्यूकला दोन वर्षांची शिक्षा होते आणि तो फ्लोरिडातल्या रस्ताकामाच्या कैद्यांत येऊन पडतो. तिथे तो पैजेखातर ५० उकडलेली अंडी खातो. आडदांड गड्याचा मार खाऊन पडतो, उठतो, पुन्हा पडतो, पण पुरे म्हणत नाही. विशीतल्या प्रेक्षकाला आणखी काय हवं? बंड म्हणजे एक माणूस आणि त्याचं न वाकणं, अशी समजूत माझ्याही मनात तेव्हाच घट्ट बसली.

त्या समजुतीला पहिला तडा गेला तो खड्ड्याच्या प्रसंगाने. पळून पकडल्या गेलेल्या ल्यूकला एक पहारेकरी खड्डा खणायला लावतो. दुसरा येऊन विचारतो, माझ्या अंगणात ही माती कशाला टाकलीस? मग बुजवायचं. पुन्हा पहिला येतो, पुन्हा खणायचं. अखेर ल्यूक मोडतो, पाया पडतो. जे कैदी त्याच्या धाडसावर जगत होते, ते तोंड फिरवतात.

खणण्यात अपमान नसतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावी राजवाडी होळीचा उंच बांबू ज्या खड्ड्यात उभा राहतो, तो अवजारांशिवाय, हातांनी उकरतात. नवस बोललेली माणसं त्या दिवसांत पाळणी पाळतात, जमिनीवर झोपतात. हे नियम काही सौम्य नाहीत, पण ते पाळणारा माणूस मान ताठ ठेवून ढोलाच्या तालावर नाचतो. ल्यूकच्या खड्ड्यात काहीच उभं राहायचं नव्हतं, आणि कडेला जे उभे होते ते त्याला फक्त मोडायला आले होते.

त्यातला एक गॉडफ्रे. बंदूक हातात, आरशासारखा काळा चष्मा डोळ्यांवर, तोंडातून शब्द नाही. कैदी त्याला 'डोळे नसलेला माणूस' म्हणतात. मराठी माणसाला इथे व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आठवावाच लागतो. ल्यूकच्या दहा वर्षं आधीचा हा चित्रपट थेट उलट्या टोकाला उभा आहे. आदिनाथ हा जेलर सहा खुन्यांना उजाड माळावर शेती करायला नेतो, आणि त्यांना बांधून ठेवतात ते त्याचे दोन डोळे. कैदी पळून जातात, पण ती नजर पाठ सोडत नाही, म्हणून परततात.

कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि ती हवेतून आलेली नव्हती. त्यांचं बालपण औंध संस्थानात गेलं. त्याच संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची उघडी वसाहत सुरू झाली होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी जागा दिली, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याने कल्पनेचा पाठपुरावा केला. खुनाची शिक्षा भोगणारे लोक तिथे कुंपणाशिवाय शेती करत.

बरीच वर्षं मला वाटत होतं की प्रश्न इथे सुटला: पहारेकऱ्याला डोळे असले की कैदी माणूस होतो. आज ते तितकंसं पटत नाही. चष्म्यामागच्या माणसापासून पळता तरी येतं. आदिनाथ बैलांशी झुंजताना मरतो, पण त्याचे डोळे तसेच वर राहतात. त्या कैद्यांना पळायला जागाच उरत नाही. हा विश्वास थोर असेल, पण तोही पहारा आहे.

खानदेशाने अशा विश्वासाचा हिशेब फार आधी पाहिलेला आहे. १८२५ साली जेम्स आउट्रम नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभारली. आधी हल्ला करून माणसं धरली, मग धरलेल्यांतल्यांना सोडून त्यांच्याकरवी इतरांना बोलावलं, स्वतः त्यांच्यात जाऊन राहिला, शिकारी केल्या. इंग्रजी चरित्रकारांना ही गोष्ट फार आवडते. ती खोटी नाही, पण त्या जवळिकीतून उभी राहिलेली पलटण पुढे कुणावर चालून गेली, हेही सांगायला हवं.

त्यांतलाच एक भिल्ल खाज्या नाईक. तो सेंधवा घाटाचा रस्ता राखण्याच्या सरकारी नोकरीत होता. एका माणसाच्या मृत्यूवरून त्याला कैद झाली. मुदतीआधी सुटला. १८५७ साली सरकारने त्याला पुन्हा कामावर घेतलं. आपल्या माणसाला क्षमा केली की तो कायमचा आपला होतो, असा हिशेब असावा. खाज्या सरकारविरुद्ध उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला लढाई झाली, आणि समोरच्या फौजेत भिल्ल पलटणही होती.

ल्यूकशी त्याची तुलना करताना मला आता न्यूमनचं हसू आठवत नाही, ल्यूकची आई आठवते. ती एकदाच, ट्रकच्या मागे पडून, भेटायला येते. ती गेल्याची बातमी आल्यावर तुरुंगाचा कॅप्टन ल्यूकला पेटीएवढ्या कोठडीत डांबतो, कारण आई मेलेला माणूस पळतो. स्वतंत्रपुरात कैद्यांची बायकामुलं तिथेच राहायला येत. घरच्यांच्या ओढीवरचे हे दोन उपाय, आणि दुसरा किती सोपा! ल्यूक तीनदा पळतो, पण तीनही वेळा त्याला जायला घर नाही. शेवटी तो रिकाम्या चर्चमध्ये जाऊन देवाशी बोलतो आणि गॉडफ्रेच्या गोळीने मरतो. मागे राहिलेले कैदी त्याच्या गोष्टी रंगवून सांगतात. त्यांच्यातला कुणी त्याच्यासोबत शेवटपर्यंत गेलेला नसतो.

खाज्या नाईकाला मारलं ते १८६० साली, दगा देऊन. पण अंबापाणीच्या डोंगरात तो एकटा नव्हता. त्याचा साथीदार भीमा नाईक होता, शेकडो माणसं होती, आणि पकडलेल्यांत बायकाही होत्या.