कुंडीतला नफा-तोटा

जानेवारीच्या अखेरीस पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. पाहून परतणाऱ्यांच्या हातात, स्कूटरच्या पायापाशी, रिक्षाच्या मागच्या सीटवर एखादे गुलाबाचे नाहीतर पिटुनियाचे रोप असतेच. होळी उलटून ऊन तापू लागले की त्यांतली बरीच रोपे माना टाकतात आणि रिकाम्या कुंड्या एकात एक रचून बाल्कनीच्या कोपऱ्यात जातात. पिटुनिया मेला याचे वाईट वाटून घ्यायला नको. ते मुळातच हंगामी फूल. त्याच्याबरोबर माणसाचा छंदही सुटतो, त्याचा मात्र विचार करायला हवा. मला वाटते, तो चुकीच्या आशेवर धरलेला असतो म्हणून सुटतो. बागकामाच्या फायद्यांची जी यादी सगळीकडे फिरते, तिच्यातले निम्मे फायदे हिशेबाला टिकत नाहीत. आणि जो खात्रीने टिकतो तो त्या यादीत सहसा नसतो.

हवेपासून सुरुवात करू. चार कुंड्या ठेवल्या की घरातली हवा शुद्ध होते, या समजुतीला मोठा आधार मिळाला तो १९८९ साली नासासाठी झालेल्या एका अभ्यासाचा. बिल वुल्व्हर्टन यांनी बंद पेट्यांमध्ये झाडे ठेवून पाहिले, तेव्हा हवेतली काही घातक रसायने कमी झालेली आढळली. अंतराळात राहायचे तर ही माहिती मोलाची. पण आपले घर बंद पेटी नसते. दारे-खिडक्यांतून, फटींतून हवा सतत ये-जा करत असते. अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. इमारतीत एरवी खेळणाऱ्या हवेने जेवढी सफाई होते तेवढी झाडांकडून करून घ्यायची, तर दर चौरस मीटर जागेमागे १० ते १००० झाडे लागतील, असे त्यात निघाले. मग माणसांनी राहायचे कुठे? त्यापेक्षा खिडकी उघडावी.

पैशाचा हिशेब थोडा बरा, पण फार नाही. धने रगडून पेरले की कोथिंबीर हाती यायला महिना-दीड महिना लागतो आणि एका कुंडीतून निघते ती जेमतेम जुडीभर. कुंडी, माती, कोकोपीट, शेणखत यांचा खर्च धरला तर मंडईच स्वस्त. कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, ओवा यांचे गणित वेगळे. ती थोडीथोडी लागतात, पुन्हापुन्हा फुटतात, म्हणून परवडतात. बागेवर घरची भाजी भागवायची तर परसदार लागते, न्हाणीचे पाणी लागते, पुरते ऊन लागते. दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या उत्तरेकडल्या बाल्कनीत यातले काहीच नसते.

उरतो मनाच्या आरोग्याचा दावा, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून दाखवले की, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. २०११ साली नेदरलँड्समध्ये ३० बागप्रेमींना आधी एक ताण आणणारे काम दिले. मग निम्म्यांनी अर्धा तास बागकाम केले, निम्म्यांनी घरात बसून वाचन. ताणाशी जोडलेले कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन्ही गटांत उतरले, बागकाम करणाऱ्यांत जास्त उतरले. तरी शंका राहतेच. हा गुण मातीत हात घालण्याचा की नुसत्या उन्हावाऱ्याचा? आणि झाडे पाहूनच बरे वाटत असेल, तर सारसबागेत फेरफटका मारला तरी पुरे. त्यासाठी खुरपे कशाला हवे?

या शंकेला उत्तर देणारा प्रयोग या दोन्हींपेक्षा जुना आहे. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या एका वृद्धाश्रमाचे दोन मजले निवडले. दोन्ही मजल्यांवरच्या आजी-आजोबांना एकेक रोप मिळाले. एका मजल्यावर त्यांना सांगितले गेले: रोप हवे की नको ते ठरवा, आवडेल ते निवडा, त्याची काळजी तुम्हीच घ्यायची. दुसऱ्या मजल्यावर रोप हातात दिले आणि सांगितले की पाणी परिचारिका घालतील. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातले बहुतेक जण अधिक उत्साही, अधिक मिसळणारे झाले होते. दुसऱ्या गटातल्या बहुसंख्यांची तब्येत उलट खालावली होती. दीड वर्षाने पाहिले तेव्हा पहिल्या गटातल्या ४७ पैकी ७ जण वारले होते, दुसऱ्या गटातल्या ४४ पैकी १३. आकडे लहान आहेत, आणि पहिल्या गटाला रोपाखेरीज इतर बाबतींतही आपले आपण ठरवायची मुभा होती. त्यामुळे कुंडीने आयुष्य वाढते असे कोणी म्हणू नये. पण हिरवाई दोन्ही मजल्यांवर सारखी होती आणि निर्णय एकाच मजल्यावर होता, एवढे नजरेआड करता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, बागकामाचा खरा लाभ हिरवाईत कमी आणि जबाबदारीत जास्त आहे. म्हातारपणी, निवृत्तीनंतर, मुले परदेशी गेल्यावर माणसाच्या वाट्याचे निर्णय एकेक करून कमी होत जातात. औषध डॉक्टर ठरवतात, आहार सून ठरवते, पैशाचे मुलगा पाहतो. तरुण माणसाचीही गत फार वेगळी नाही. कार्यालयात त्याच्या वाट्याला कामाचा एक तुकडा येतो, त्याची सुरुवात आणि शेवट दुसऱ्यांच्या हातात असतो. कुंडीतली मिरची मात्र पेरण्यापासून तोडण्यापर्यंत एकाच माणसाची असते. बिघडली तरी त्याचीच.

या जबाबदारीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. कुंडीतली झाडे तहानेने मरतात तशी अतिपाण्यानेही मरतात, कारण मुळांना हवाही लागते. रोज सकाळी नेमाने तांब्याभर पाणी ओतणारा माणूस प्रेमळ असतो, पण तो झाडाकडे पाहत नसतो. बोटाचे एक पेर मातीत खुपसून ओल आहे का ते बघावे आणि ओल असेल तर झारी परत ठेवावी. हे न करण्याचे शहाणपण शिकायला एखादा पावसाळा जातो. कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडते. चिमटीत धरून फेकली तर पाने वाचतील, ठेवली तर काही दिवसांनी ती हिरवी होईल, कोशात जाईल आणि त्यातून बहुरूपी किंवा लिंबाळी फुलपाखरू निघेल. फोडणी की फुलपाखरू, हे घरातल्या कोणीतरी ठरवायचे असते आणि त्याचे एकच बरोबर उत्तर नसते.

कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर गणिताचे शिक्षक होते. ‘प्रयोग परिवारा’तून त्यांनी द्राक्षबागायतदारांपासून गच्चीवर भाज्या लावणाऱ्यांपर्यंत अनेकांना एकच सवय लावली: ऐकीव कृतीवर विसंबू नका, आपल्या झाडावर करून पाहा, मोजा, एकमेकांना सांगा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच वाटेने जाऊन उष्ट्या-खरकट्याचे खत केले आणि त्यात भाज्या, फळझाडे वाढवली. ओला कचरा आणि पालापाचोळा एकमेकांवर थरांनी रचायचा, वास आला तर सुका पाला वाढवायचा, फारच कोरडे झाले तर पाणी शिंपडायचे. एवढ्यात माणूस कारण आणि परिणाम यांची जोडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. शाळेत विज्ञान घोकून जे हाती लागले नाही ते असे हाती लागते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जबाबदारी जर एवढी गुणकारी, तर परसातल्या दोडक्या-कारल्यांचे वेल वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या गावाकडच्या बाईला तिचे सुख का लाभत नाही? तिच्या मागे ते एक काम आणखी, एवढेच. उत्तर वृद्धाश्रमाच्या त्याच प्रयोगात आहे. तिथे जबाबदारीबरोबर निवड होती. काय लावायचे, केव्हा लावायचे, बियाणे कोणते, हे जिच्या हातात आहे तिची परसबाग वेगळी असते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाची, भाताची, पालेभाज्यांची गावठी वाणे जपली, आपली बीजबँक उभी केली. पुढे २०२० सालच्या पद्मश्रीसाठी त्यांचे नाव जाहीर झाले. राबणे त्यांच्याही वाट्याला आलेच होते. पण काय जपायचे हे त्यांनी ठरवले.

हे मान्य केले तर आपल्या नव्या गृहसंकुलांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. तिथे हिरवळ भरपूर असते. ती कंत्राटदार लावतो, माळी कापतो, स्वयंचलित तुषार भिजवतात आणि कडेला ‘झाडांना हात लावू नये’ अशी पाटी असते. वृद्धाश्रमाचा दुसरा मजला तो हाच. रहिवाशांना दृश्य मिळते, निर्णय मिळत नाही, आणि देखभालीचे पैसे भरून ते आपला लाभ दुसऱ्याच्या हाती सोपवतात. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांनी माळ्याची मदत जरूर घ्यावी, गावाला जाताना ठिबक लावून जावे. पण काय लावायचे आणि केव्हा उपटायचे हे तरी आपल्याकडे ठेवावे.

म्हणून सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव आणून पाहावा: हिरवळीचा एक पट्टा वाफ्यांत विभागून ज्याला हवा त्याला द्यायचा, खत इमारतीच्याच ओल्या कचऱ्याचे वापरायचे, पाणी कुठेही साचू द्यायचे नाही, कारण आठवडाभर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. विरोध होईल. वाफे सारखे दिसणार नाहीत, कोणाचा भेंडीने भरेल, कोणाचा उन्हाळ्यात करपेल, आणि फ्लॅट विकताना दाखवायला ती जागा पूर्वीइतकी देखणी राहणार नाही. एवढा तोटा सोसायला सोसायटी तयार असेल, तरच बागकामाच्या फायद्यांविषयी बोलण्यात अर्थ आहे.