पाटाच्या कडेने

सावर्ड्यात मुंबई-गोवा महामार्गालगत एका तरुणाचा फोटो स्टुडिओ होता. जुलै २०२१ मध्ये जवळच्या चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा त्याने कानाला खडा लावला : लोकांच्या लग्नामुंजींचे फोटो एकाच जागी ठेवायचे नाहीत. दुकानामागेच घर. घराच्या माळ्यावर त्याने दुसरा कॉम्प्युटर मांडला, केबल ओढली. दोन्हीकडे लिनक्स, म्हणून एनएफएस ही नेटवर्कवरून फोल्डर वापरायची सोय घेऊन माळ्यावरचा फोल्डर दुकानात जोडला.

जुने फोटो उघडत होते. नवा ठेवायला जावं तर उत्तर यायचं, ‘परवानगी नाही’. त्याने केबल बदलली, राउटर बदलला, शेवटी दुकानातला कॉम्प्युटर पुसून सगळं नव्याने भरलं. तीन दिवस गेले. उत्तर तेच.

आजोबा ओटीवर सुपारी कातरत होते. म्हणाले, “वाडीत पाणी आलं नाही की मी काय करायचो रे?”

“पाट बघायचात.”

“कुठनं?”

“पऱ्ह्यापासून.”

“मग! तिथनं पाटाच्या कडेने चालत यायचं. पाणी दिसतंय तिथवर पाट शाबूत. जिथे आटलं, तिथे वाकायचं. खेकड्याचं बीळ तिथंच असतं. तू तीन दिवस अख्खा पाट नव्याने खणतोयस.”

नातू उठला. पिंग केलं, माळ्यावरून उत्तर आलं. म्हणजे केबल, राउटर निर्दोष. फोल्डर दिसला, जोडणी ठीक. फोटो उघडला, वाचायला आडकाठी नाही. पाणी आटलं ते लिहिण्यापाशी. तिथे तो वाकला.

एनएफएसच्या साध्या मांडणीत माणूस नावाने नव्हे, खात्याच्या नंबराने ओळखला जातो. माळ्यावर पहिलं खातं वडिलांचं, त्याचा नंबर १०००. दुसरं याचं, १००१. दुकानात हा एकटाच, म्हणून तिथे हाच १०००. दुकानातून आलेला मुलगा माळ्यावरच्या कॉम्प्युटरला वडील वाटत होता, आणि फोल्डर तर मुलाच्या मालकीचा!

त्याने दुकानातल्या खात्याचा नंबर १००१ केला. फोटो माळ्यावर पोचला.

“सापडला खेकडा?” आजोबांनी विचारलं.

“सापडला. माझ्या नावाला बाबांचा नंबर लावून बसला होता.”

तात्पर्य : काम अडलं म्हणून सगळं मोडून नव्याने मांडू नये. जिथवर ते नीट चाललंय तिथवर चालत जावं. चूक पुढच्याच पावलावर भेटते.