वही कुणाची, अक्षर कुणाचं?



जूनमध्ये आमच्या ओझरच्या वस्तीत भांडण झालं. कशावरून? वह्यांवरून. एका ख्रिस्ती संस्थेची माणसं आली. पोरांना वह्या देतो, संध्याकाळी शिकवायला एक बाई देतो म्हणाली. विहारासमोर बैठक बसली. निम्मे कार्यकर्ते म्हणाले, "घ्यायचं नाही. आज वही देतील, उद्या येशू देतील." द्राक्षबागेत थिनिंगला जाणारी आक्का उठली. "तुमच्या भाषणानं माझ्या पोरीला गणित येतं का रं भाऊ?" बैठक गप्प. 'नको' म्हणणाऱ्यांत मीच पुढं होतो. मीही गप्प.

देणाऱ्याच्या मनात त्याचा धर्म असेल, तर घेणाऱ्यानं काय करावं? घेतलं म्हणजे मिंधा झाला का?

या प्रश्नापायी मी कोकणातल्या बेने इस्रायलांचा इतिहास वाचला. हे मराठी बोलणारे ज्यू. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे. म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं. हिब्रू जवळजवळ विसरलेले. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, १८२९ साली स्कॉटलंडचे जॉन विल्सन. हेतू उघड होता, ज्यूंनी ख्रिस्ती व्हावं. त्यासाठी शाळा निघाल्या. विल्सननी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. बेने इस्रायलांनी पोरं शाळेत धाडली. त्यांच्यातले काहीजण मिशनच्या शाळांत मास्तर झाले. पैसा ख्रिस्त्यांचा, मास्तर ज्यू, आणि शिकणारी पोरं मराठी मुलखाची.

आणि धर्म? मोजकेच ख्रिस्ती झाले. बाकीच्यांनी त्याच हिब्रूनं स्वतःचा धर्मग्रंथ उघडला. १८३४ साली जन्मलेले जोसेफ इझिकेल राजपूरकर मिशनच्या शाळेत शिकले, पुढं डेव्हिड ससून यांच्या ज्यू शाळेत मुख्याध्यापक झाले. ज्यूंची प्रार्थनापुस्तकं त्यांनी मराठीत आणली. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी पुढाकार घेऊन मुंबईत आपल्या समाजाची शाळा काढली.

याला कृतघ्नपणा म्हणायचं? मी म्हणणार नाही. ते शिकले, त्यांनी शिकवलं, पुढच्यांची सोय केली. मदतीची फेड अशीच होते. देणाऱ्याचे आभार मानावेत, मान तुकवू नये.

आता दुसरी बाजू. मुंबईचे बगदादी ज्यू धर्मानं एकच, पण बेने इस्रायलांना कमी लेखायचे. बेने इस्रायलांतही 'गोरे' आणि 'काळे', बेटीव्यवहार बंद! तेव्हा आपला तो चांगला आणि परका तो लबाड, हे गणित इथं चुकतं.

बाबासाहेब १९१३ साली सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला गेले. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा अनेक धर्मांची आमंत्रणं आली. पण ते कुणाच्या ओंजळीनं पाणी प्याले नाहीत. एकवीस वर्षं विचार केला आणि नागपूरला स्वतःच्या बुद्धीनं बुद्धाकडे गेले.

तरी एक भीती खरी आहे. बेने इस्रायलांच्या घरी घाणा होता, पाठीशी समाज होता. ज्याच्या घरात चूल थंड आहे, त्याच्यापुढं अट ठेवणं ही जबरदस्तीच. म्हणून आम्ही अटी आमच्या घातल्या. वर्गात प्रार्थना नाही. फोटो नाही. बाईंबरोबर वस्तीतला एकजण रोज शिकवणार. त्यांनी कबूल केलं. आता मंगळवारी मी गणित घेतो. बाई गळ्यात क्रूस घालून येतात, पोरं 'जयभीम बाई' म्हणतात, त्याही 'जयभीम' म्हणतात.

राहिला प्रश्न आपला. जयंतीच्या डीजेसाठी आपण पाच-पाचशेच्या पावत्या फाडतो. पुढच्या जूनला वह्यांची पावती कोण फाडणार? मी माझी फाडली आहे. तुमची?

जयभीम.