तलफ आली म्हणजे संकल्प मोडला का?

सिगारेट किंवा विडी सोडण्याचा संकल्प करून तुम्हाला दोन दिवस झाले आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात येतो आणि तलफ उसळते. घसा कोरडा पडतो, बोटे चुळबुळ करू लागतात, मन एकाच गोष्टीभोवती घुटमळते. अशा वेळी साधकाच्या मनात हमखास एक विचार येतो, "अजून इतकी इच्छा होते, म्हणजे माझा संकल्पच खोटा. इतकी वर्षे ध्यान करून काय मिळवले?" पुष्कळदा तलफेपेक्षा या निराशेनेच सिगारेट पुन्हा पेटते. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेऊया.

तलफ कुठून येते?

धुरातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि क्षणभर बरे वाटते. पण साधारण दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते आणि सरावलेला मेंदू ते पुन्हा मागू लागतो. "सिगारेटने मन शांत होते" असे आपण म्हणतो, पण ती अस्वस्थता बहुतेक वेळा आधीच्या सिगारेटनेच मागे ठेवलेली असते. सावकाराकडून नवे कर्ज काढून जुन्याचे व्याज भरावे, तसा हा व्यवहार आहे. व्याज भरल्यावर सुटल्यासारखे वाटते, मुद्दल मात्र तसेच राहते.

सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड जातात. पुढच्या दोन ते चार आठवड्यांत शरीराचा त्रास हळूहळू ओसरतो. एकेक तलफ तर बहुधा काही मिनिटांचीच असते. ती शरीराची जुनी मागणी आहे. तिच्यावरून तुमचा संकल्प खरा की खोटा हे ठरत नाही.

दाबणे आणि पाहणे

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, इंद्रिये आवरून मनाने विषयांचेच स्मरण करीत बसणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. हात खिशाकडे जाऊ दिला नाही, पण मनातल्या मनात दिवसभर धूर ओढत राहिलो, तर तो संयम फार टिकत नाही. दुसऱ्या अध्यायात सांगितलेली साखळीही चिंतनापासून सुरू होते. चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना. तलफ येणे आपल्या हातात नाही, तिचे चिंतन करीत राहणे किंवा न राहणे हे मात्र आपण शिकू शकतो.

म्हणून तलफ आली की तिच्याशी भांडू नका आणि तिचे ऐकूही नका. जिथे असाल तिथे स्थिर व्हा. ती शरीरात कुठे जाणवते ते पाहा. घशात, छातीत की जबड्यात? श्वास नेहमीसारखा घ्या आणि सावकाश, लांब सोडा. असे दहा-बारा श्वास होऊ द्या. तलफ वाढते, माथ्यावर पोहोचते आणि उतरू लागते, हे तुम्हाला स्वतःच दिसेल. मग घोटभर पाणी प्या आणि कामाला लागा. टपरीवरचा चहा काही आठवडे बंद ठेवता आला तर उत्तम.

साक्षीभाव ही पळवाट नव्हे

इथे मन एक चलाखी करते. "मी तर साक्षी आहे, ओढली ती देहाने" असे म्हणून ते मोकळे होते. पण घरातल्या लहान मुलाच्या छातीत तो धूर गेला, तर या युक्तिवादाने त्याचे काय भले झाले? साक्षीभाव आपल्याला तलफ आणि कृती यांच्यामध्ये थोडी जागा करून देतो. त्या जागेत आपण काय निवडतो, याची जबाबदारी आपलीच असते. मोकळीक जितकी वाढते, तितकी ही जबाबदारीही वाढते.

एखादे दिवशी पाय घसरलाच, तर "आता सगळे संपले" म्हणून पाकीट विकत घेऊ नका. एक सिगारेट ओढली गेली, एवढेच घडले आहे. कोणत्या वेळी, कोणाबरोबर, कोणत्या मनःस्थितीत हे झाले, ते पाहून ठेवा आणि त्याच दिवशी पुन्हा सुरुवात करा.

मदत घेण्यात साधनेचा कमीपणा नाही. सवय मनाची असते तशी शरीराचीही असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगगम किंवा औषध घेता येते. तंबाखूच्या पाकिटांवर २०१८ पासून छापला जाणारा १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांकही त्यासाठीच आहे.

आज पुढची तलफ येईल तेव्हा आयुष्यभराचा विचार करू नका. तेवढी काही मिनिटे श्वासाबरोबर राहा. त्यानंतरची तलफ येईल, तेव्हा पुन्हा तेच करा.